पाटावर न मांडलेला संच

खंडेनवमीच्या आदल्या रात्री बाबा हत्यारं पुसायला बसतात. डिझेलचा बोळा, मग कोरडं फडकं, आणि शेवटी मशीन ऑइलचं नुसतं बोट. सकाळी आई पाटावर लाल खण पसरते आणि सगळी हत्यारं ओळीने मांडली जातात. पहिला मान गुण्याचा. १९७४ साली आयटीआयला फिटर ट्रेड शिकताना बाबांनी तो स्वतः कानशीने घासून केलाय. काटकोन तपासायला खिडकीसमोर धरायचा, पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचा, असं कितीतरी दिवस चाललं होतं म्हणतात. गुण्याशेजारी बॉल पीन हातोडी, मग हॅकसॉ, तीन कानशी, पक्कड, पाने, आणि लाकडी डबीतला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी.

२०२४ च्या खंडेनवमीला हळद-कुंकू वाहताना माझ्या लक्षात आलं की मी दिलेला संच पाटावर नाही.

आदल्या वर्षी बाबांना सत्तर पूर्ण झाली तेव्हा मी त्यांना एकशे आठ नगांचा टूल किट दिला होता. काळी पेटी, आत साच्यात बसवलेली चकचकीत सॉकेटं, स्क्रूड्रायव्हर, बिटं, सगळं. ज्या माणसाने छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली त्याला हत्यारांचीच भेट द्यावी, एवढा माझा विचार पक्का होता. बाबा पेटी उघडून बघून म्हणाले, "छान आहे." त्यांना काहीही दिलं तरी ते छानच म्हणतात.

पूजेनंतर आईला स्वयंपाकघरात विचारलं. ती म्हणाली, "माळ्यावर आहे गं. दोनदा काढला होता त्यांनी. सॉकेट बोल्टवर ढिलं बसतं, कोपरे खातं म्हणाले. आणि अर्धी मापं इंचातली आहेत. आपल्याकडे इंचातलं आहे काय?" खरंच काही नाही. घरातली चेतक, सायकल, पंप, सगळे बोल्ट मिलिमीटरमधले. तरी तुला सांगू नकोस म्हणाले होते, असंही आई बोलून गेली.

मला वाईट वाटलं ते संचाचं नाही. बाबा रोज काय करतात, कुठे अडतात, हे मी कधी बघितलंच नव्हतं, याचं वाटलं. त्यांना विचारून उपयोग नव्हता; "मला काय कमी आहे?" एवढंच उत्तर आलं असतं. मग ठरवलं, पुढच्या खंडेनवमीपर्यंत फक्त बघायचं. पुण्यात मी कोथरूडला राहते, आई-बाबा कर्वेनगरला. दर शनिवारी जातेच. जाताना पर्समध्ये एक पाठकोरी वही टाकायला लागले.

बाबांचं वर्कशॉप म्हणजे मागची बाल्कनी. तीन फूट लांबीचं सागवानी फळकूट, त्याला काम घट्ट पकडून धरणारा चार इंची शेगडा, वर एक ट्यूब. तिथे सोसायटीतल्या कुणाच्या मिक्सरचं भांडं येतं, कुणाच्या खिडकीची कडी, कुणाच्या नातवाची सायकल. बाबा पैसे घेत नाहीत, त्यामुळे कामाला तोटा नाही.

पहिल्या दोन-तीन शनिवारी मला काहीच दिसलं नाही. सराईत माणसाचं काम बघताना सगळं सोपंच वाटतं. मग मी हातांकडे बघायचं सोडून, हात कधी थांबतात तिकडे बघायला लागले, आणि वहीत नोंदी पडू लागल्या. स्क्रू खाली पडला, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, चार मिनिटं शोधत होते. व्हर्नियर वाचायला चष्मा, त्यावर भिंग, तरी खिडकीशी गेले. ग्रिलला भोक पाडताना ड्रिल घसरलं. कापलेल्या पाइपच्या आतली बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली धारदार कोर, बोटाला लागली, रक्त आलं. शेजारच्यांच्या मोटरसायकलच्या ब्रेक ऑइलच्या डबीचा स्क्रू सुटेना, डोकं झिजलं.

काही गोष्टी वहीत लिहून पुन्हा खोडल्या. चेतकच्या प्लगची गॅप बघायला बाबांकडे फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, नाहीत असं वाटून मी ते ठळक लिहून ठेवलं होतं. पुढच्या वेळी त्यांनी हॅकसॉच्या मोडक्या पात्याचा तुकडा प्लगच्या फटीत सरकवला आणि म्हणाले, "हे पातं जाडीला साधारण ०.६ असतं. चेतकला तेवढीच गॅप लागते." ज्याचं काम मोडक्या पात्यावर इतकं नेमकं होतंय त्याला गेज कशाला द्यायचं? कानशीचंही तसंच. ॲल्युमिनियम घासताना कीस दातांत अडकतो म्हणून मी कानस साफ करायचा तारेचा ब्रश लिहिला होता. पण बाबा आधी कानशीला खडू फासतात, त्यामुळे कीस फारसा चिकटतच नाही. खडूचा डबा भरलेला होता.

मोजमापाचा प्रश्न मात्र खरा होता, आणि तोच सगळ्यात नाजूक. बाबांचा व्हर्नियर नोकरीच्या पहिल्या वर्षातला आहे. मी सातवीत असताना त्यांनी तो माझ्या हातात देऊन शिकवला होता. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरांचे सरकत्या पट्टीवर ५० भाग केलेले असतात. त्यामुळे दोन्हीकडच्या एका घरात ०.०२ मिलिमीटरचा फरक राहतो, आणि कुठली रेघ कुठल्या रेघेसमोर तंतोतंत आली ते बघून माप वाचायचं. पिएर व्हर्निए या फ्रेंच माणसाने १६३१ मध्ये ही युक्ती मांडली, हेही त्यांनीच सांगितलेलं. ती रेघ जुळलेली बघायला डोळे लागतात. बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. लांबचं लख्ख दिसतं, जवळचं चष्मा लावूनही रेघेला रेघ भिडल्यासारखं दिसतं. एका शनिवारी त्यांनी एक बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा वेगळं माप आलं. काही बोलले नाहीत. व्हर्नियर पुसून डबीत ठेवला आणि बुश माझ्या समोर धरून म्हणाले, "जरा वाचतेस?"

त्या दिवशी वहीत दुसरं काही लिहिलं नाही.

मोठ्या आकड्यांचा डिजिटल व्हर्नियर घ्यायचा हे ठरलं, पण धाकधूक होती. आयुष्यभर डोळ्यांनी शतांश मोजणाऱ्या माणसाला स्क्रीनवाला व्हर्नियर देणं म्हणजे त्याची नजर गेली असं तोंडावर सांगणं तर नाही ना? घड्याळासारखी तबकडी असलेलाही मिळतो, डायलचा. तो दिसायला जुन्या वळणाचा. पण त्याच्या पट्टीत बारीक दाते असतात, आणि बाबांच्या बाल्कनीत लोखंडाचा कीस उडतो. कीस दात्यांत गेला की काटा उडी मारतो आणि माप चुकतं. डिजिटलला पाण्याची भीती असते, पण बाबांचं काम कोरडं. शिवाय त्याला एक सोय आहे जिचा मी आधी विचार केला नव्हता: कुठल्याही मापावर शून्याचं बटण दाबता येतं. म्हणजे नव्या बुशवर शून्य करायचं आणि जुना बुश धरायचा, की किती झिजलाय तो आकडा सरळ समोर.

आधी स्वतःसाठी एक स्वस्तातला ऑनलाइन मागवून बघितला. महिन्याभरात सेल संपला. स्वस्त व्हर्नियर बंद केला तरी आतलं सर्किट थोडा करंट खात राहतं. जबडे मिटल्यावर आकडा कधी ०.०० तर कधी ०.०५. तो मी आता माझ्याच घरी पडद्याच्या नळ्या मोजायला ठेवलाय. पुढचा मात्र हातात घेऊन, तपासूनच घ्यायचा म्हणून बोहरी आळी गाठली.

ऑगस्टमधला शनिवार होता. नळ स्टॉपला मेट्रोत बसले, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली, मंडईला उतरून रविवार पेठेत चालत आले. बोहरी आळीत शोकेस बघत हिंडायची सोय नाही. वस्तू आत, माळ्यावर, खोक्यांत. बाहेर दोरखंडांची वेटोळी, साखळ्या, किलोवर विकायचे नट-बोल्ट. हातगाडीवाला मागून "साइड, साइड" करत येतो आणि आपण कुठल्या तरी पायरीवर चढून उभं राहायचं. काय हवं ते नावानिशी आणि मापानिशी सांगावं लागतं. माझ्याकडे वही होती.

तिसऱ्या दुकानात पांढरी टोपी घातलेले वयस्कर चाचा होते. मी डिजिटल व्हर्नियर म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कोणासाठी ताई? कामाला पाहिजे का कपाटात ठेवायला?"

"वडिलांसाठी. टूलरूमला होते. रोज वापरतील."

"मग सहा इंची घ्या. आठ इंची हातात जड पडतो." सहा इंची म्हणजे १५० मिलिमीटर, घरच्या कामाला तेवढा पुरून उरतो. त्यांनी दोन काढून काचेवर ठेवले.

मी पहिल्याचे जबडे मिटले आणि दुकानाच्या दारातल्या उजेडासमोर धरले. गुण्या तपासायची बाबांची रीत. टोकाकडे उजेडाची बारीक पाचर दिसली. जबडे समांतर नव्हते. दुसऱ्यात काहीच दिसलं नाही, काळी बंद रेघ. मग तो शून्यावर आणून दहा वेळा उघडला, मिटला. दर वेळी ०.००. शेवटी पर्समधून दहा रुपयांचं नाणं काढलं. दहाचं नाणं व्यासाला २७ मिलिमीटर असतं, हे मी घरून बघून आले होते. आकडा आला २६.९८. वापरातलं नाणं, तेवढं झिजणारच. चाचा इतका वेळ गप्प बघत होते, ते म्हणाले, "मुलगी टूलरूमवाल्याचीच आहे." मला फार बरं वाटलं.

त्यांच्याकडे जपानी मिटुटोयोही होता, किंमत याच्या कितीतरी पट. घेता आला असता. पण बाबांना मी ओळखते. इतका महाग दिला तर तो डबीतून बाहेर निघाला नसता. मधल्या किमतीचा घेतला, सोबत दोन जादा सेल.

वहीत पुढचं नाव ऑटोमॅटिक सेंटर पंचचं होतं. धातूत भोक पाडायच्या आधी तिथे एक बारीक खड्डा पाडावा लागतो, नाहीतर ड्रिलचं टोक गुळगुळीत पत्र्यावर नाचत जातं. साध्या पंचला एका हातात पंच, दुसऱ्यात हातोडी. काम शेगड्यात असेल तर ठीक. खिडकीची ग्रिल असेल आणि आपण स्टुलावर उभे असू तर धरायला हात उरत नाही. म्हणूनच बाबा तो पंच न मारता सरळ ड्रिल लावत होते. चाचांनी पेनाएवढा पितळी पंच माझ्या हातात दिला, खाली एक लोखंडी पट्टी सरकवली. टोक टेकवून मी तळहाताने दाबत गेले. आत स्प्रिंग आवळत जाते ते हाताला कळतं, अजून दाबा, अजून थोडं, आणि मग एकदम खट्ट. स्प्रिंग सुटते, आतला ठोकळा टोकावर आदळतो. पट्टीवर स्वच्छ, गोल, मोहरीएवढा खड्डा. एका हाताने झालं. वरची टोपी फिरवून ठोका हलका-भारी करता येतो. मी तिथेच चार-पाच खड्डे पाडले, थांबवेना. याचा आणखी एक उपयोग आहे: गाडीच्या बाजूच्या टेम्पर्ड काचेच्या कोपऱ्याला टेकवून दाबला तर काचेचा चुरा होतो, म्हणून अडचणीच्या वेळेसाठी काही जण तो गाडीत ठेवतात. मी दोन घेतले.

बर काढायचं टूल तिथेच मिळालं. पेनासारखी मूठ आणि तिच्या टोकाला स्वतःभोवती फिरणारं, आकडीसारखं वाकडं पातं. कापलेल्या पाइपच्या आतल्या कडेला लावून एक गिरकी दिली की बर वेटोळं होऊन बाहेर पडते. कानस जिथे आत शिरत नाही तिथे हे जातं, आणि पीव्हीसी, तांबं, ॲल्युमिनियम सगळ्यावर चालतं. दोन-तीनशे रुपयांत दहा पात्यांसकट. बाबांच्या बोटाचं रक्त आठवून मी भाव केला नाही.

सुटे स्क्रू धरून ठेवणारी चुंबकाची वाटी आणि जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर नंतर जमवला. स्क्रूड्रायव्हरबद्दल मात्र सांगायला हवं, कारण ते मलाही नवीन होतं. मोटरसायकलवरचे अधिकचिन्हासारखे स्क्रू सगळे एका जातीचे नसतात. जपानी बनावटीच्या गाड्यांवर जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात, बऱ्याचदा डोक्यावर एक बारीक टिंब असतं. त्यात आपला नेहमीचा फिलिप्स घातला तर तो पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच चाटून जातो. ब्रेक ऑइलच्या डबीचं तेच झालं होतं. जेआयएसचा ड्रायव्हर दोन्हीला चालतो. दिसायला दोघांत काही फरक नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत घरात तो आला नव्हता.

याच काळात मैत्रिणींना कळलं आणि विचारणा सुरू झाली, आमच्या सासऱ्यांना काय देऊ, भावाला काय देऊ. मी दोन गोष्टींना नको म्हणते. एक, मोठी पेटी. तिचा माझा अनुभव सांगून झालाय. दुसरी, न विचारता दिलेला अँगल ग्राइंडर. ते फार जोरात फिरणारं यंत्र आहे. चष्मा, गार्ड आणि सवय नसताना ते कुणाच्या घरात भेट म्हणून पोचवणं मला पटत नाही. डोक्याला लावायचा दिवा मात्र बिनधास्त द्या. मी बाबांसाठी आणलेला आईने कधीच पळवला. माळ्यावर चढायला आणि गॅसच्या नळीमागे बघायला तोच लागतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी राहायलाच गेले. वस्तू रंगीत कागदात गुंडाळून द्यायचा विचार होता, पण आई म्हणाली, "त्यात धारेचं पातं आहे ना? धारेची वस्तू हातात देऊ नये. खाली ठेवावी, ज्याची त्याने उचलावी." आमच्याकडे सुरी, कात्रीसुद्धा अशीच देतात. मग आम्ही दोघींनी ठरवलं. पहाटे बाबा अंघोळीला गेले तेव्हा लाल खणावर त्यांनी मांडलेली ओळ जराही न हलवता, जुन्या व्हर्नियरच्या डबीपलीकडे आम्ही पाचही वस्तू ठेवल्या. चुंबकाची वाटी सगळ्यात शेवटी.

बाबा सोवळं नेसून आले, पाटावर बसले, हळदीची वाटी उचलली आणि थांबले. आधी त्यांनी चुंबकाची वाटी उचलून पाटाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. "हिला मोजायच्या हत्यारांपासून हातभर लांब ठेवायची. लोखंडाला चुंबक लागला की कीस चिकटतो आणि मापात येतो," एवढं मला सांगितलं. मग गुण्यापासून सुरुवात करून एकेकाला हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. नव्यांनाही, त्याच क्रमाने. सेंटर पंचाला कुंकू लावताना त्यांनी टोक अंगठ्याने चाचपलं. आरती झाली.

आई प्रसाद आणायला आत गेली तेव्हा त्यांनी नवा व्हर्नियर उचलला. जबडे मिटले. खिडकीकडे वळून उजेडासमोर धरला, बराच वेळ. मी काही बोलले नाही. मग उघडला, मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला.

"अहो, आज हत्यारांना सुट्टी असते," आई दारातून म्हणाली.

"मी काम कुठे करतोय? बघतोय फक्त."

विड्याच्या पानांवर दक्षिणेचं दहाचं नाणं होतं. ते त्यांनी चिमटीत उचललं, धोतराच्या सोग्याला कुंकू पुसलं, जबड्यांत धरलं आणि चष्म्याशिवायच वाचलं, "सत्तावीस पॉइंट शून्य शून्य. नवीन नाणं आहे." मग तो व्हर्नियर पुसून त्यांनी जुन्या डबीला लागून ठेवला, आणि मला म्हणाले, "तो बुश अजून ड्रॉवरमध्येच आहे. उद्या दसरा. परवा सकाळी येतेस?"